ती वही परत ठेवा : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सभासद क्र. ११८७ हिचा सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी कारखान्यातून सुटून थेट वाचनालयात आले. पुस्तक बदलायचं होतं, पण खरं काम वेगळंच होतं. काउंटरवरच्या वहीत चार ओळी लिहायच्या होत्या. वही नव्हती. खिडकीच्या गजाला बांधलेली दोरी तेवढी लोंबत होती. ती दोरी मीच आणून बांधलेली. आधीच्या सुतळीला अडकवलेलं पेन लोक महिन्याला एक या हिशेबानं खिशाला लावून न्यायचे, म्हणून आमच्या कारखान्यातल्या टॉवेलच्या कोनावरचं उरलेलं सूत तिपेडी वळून पक्की गाठ मारली होती. दोरीच्या टोकाला पेनाचं निळं टोपण अजून आहे. पेन नाही, वही नाही. ती जिथं पडलेली असायची तिथला सनमायका बाकीच्या काउंटरपेक्षा गडद राहिलाय.

वर भिंतीला सूचना लावलेली. वाचकांच्या सोयीसाठी अभिप्राय नोंदवही बंद करण्यात येत आहे, अभिप्राय देण्यासाठी खालील कोड स्कॅन करावा. केला स्कॅन. पुस्तकाचं नाव, पाच तारे आणि ‘पाठवा’. तारे दाबले की मोबाइल आभार मानतो. मी काय म्हटलं, कुणी वाचलं, कुणाला राग आला, काही कळायला मार्ग नाही.

ही सोय नेमकी कुणाची झाली, ते विचारायला हे पत्र. बंद पाकिटात देता आलं असतं. पण वही उघडी असायची, म्हणून पत्रही उघडंच लिहिते.

आधी कबुली. ज्या नोंदीवरून एवढं रामायण झालं असं सांगतात (खरं तर महाभारत म्हणायला हवं), ती नोंद माझी. जूनमध्ये मी ‘मृत्युंजय’वर, शिवाजी सावंतांच्या कर्णावरच्या कादंबरीवर, लिहिलं होतं: ‘तिसऱ्यांदा वाचली. कर्ण स्वतःबद्दल फार बोलतो. वृषाली आणि शोण बोलायला लागले की बरं वाटतं.’ खाली रिवाजाप्रमाणे नाव नाही, सभासद क्रमांक.

आठवडाभरात त्याखाली अकरा उत्तरं पडली. एका गृहस्थांनी बाईमाणसाला कर्ण काय कळणार म्हणून मला निकालात काढलं. एकानं कादंबरीतला अर्धा पान मजकूर जसाच्या तसा उतरवून खाली ‘याला उत्तर द्या’ असं लिहिलं. एका पोरानं लिहिलं, ‘मावशी, दानशूर माणसाला असं बोलू नका बे.’ मावशी आणि बे एकाच वाक्यात बसवावं ते आपल्या सोलापुरानंच. एकीनं मला पाठिंबा दिला, पण तिची तक्रार अक्षरं बारीक आहेत एवढीच होती. मग कुणीतरी ते पानच फाडून नेलं. कोण ते मला ठाऊक नाही, पण त्याचा निषेध माझाही आहे. एसटीत कुणाचं पाकीट मारलं म्हणून महामंडळ गाडी बंद करत नाही. तुम्ही मात्र एका पानापायी अख्खी वही उचललीत.

माझी ती ओळ उगाच कुचकटपणानं लिहिलेली नव्हती. ‘मृत्युंजय’ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सतरा वर्षांची होते. उन्हाळा होता, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू, घरात एकच पंखा आणि तो वडिलांच्या अंगावर. मी जिन्यात बसून वाचायचे. शेवटाला इतकी रडले की आईला वाटलं शाळेत काहीतरी झालं. वाचनालयाची सभासद मी त्या पुस्तकापायी झाले. मैत्रिणीची प्रत परत करावी लागली आणि मला ती पुन्हा हवी होती. सहा जण बोलतात त्यात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. सतराव्या वर्षी मला कर्ण सोडून कुणाचंच ऐकायचं नव्हतं. आता पन्नाशी उलटली. मधली तीस वर्षं मी अशा माणसांच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात घालवली, जी दिवाळीला बोनस वाटताना अर्धा तास आपल्या दिलदारपणावर बोलतात. त्यामुळं आता कान दुसरीकडं जातो. भावाच्या रथामागं धावत आलेल्या शोणाकडं जातो. पुस्तक तेच आहे, वाचणारी बदलली. वहीत एवढं सगळं लिहायला जागा नव्हती म्हणून तीन वाक्यांत आटोपलं, ही माझी चूक म्हणा हवं तर.

तरी मला वाटत नाही की वही ‘मृत्युंजय’मुळं गेली. आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये गावातल्या एका कवींचा संग्रह वाचनालयाला भेट आला, प्रकाशन आपल्याच सभागृहात झालं, पेढे मीही खाल्ले. पुढच्या आठवड्यात वहीत कुणीतरी लिहिलं, ‘कवितासंग्रह वाचला. कागद चांगला आहे.’ ते मी लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर क्रमांक घातला असता. पण हसले, हे खरं. त्यानंतर पंधरा दिवसांत मंडळाची सभा झाली आणि वही गेली. आता या दोन गोष्टींचा संबंध नसेलही. आपण म्हणाल तर नाही.

मंडळातल्या किती जणांनी ती वही बसून वाचली आहे? मी वाचली आहे. पुस्तक मिळेपर्यंत काउंटरपाशी उभं राहून, वर्षानुवर्षं. तिचा एकच नियम होता, आणि तो आपल्या जुन्या ग्रंथपालांनी पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहून ठेवलेला: खोडायचं नाही, खाली लिहायचं.

त्या नियमाची एक गोष्ट सांगते. एका बाईंनी ‘श्यामची आई’वर लिहिलं होतं, ‘श्याम फार रडतो. आजच्या मुलांना देऊ नये.’ चार-पाच वर्षांनी त्याच बाई ती ओळ खोडायला आल्या. मधल्या काळात त्यांची आई गेली होती आणि मुलाच्या अभ्यासासाठी आणलेलं ते पुस्तक त्यांनी पुन्हा वाचलं होतं. ग्रंथपालांनी खोडू दिलं नाही. बाई चिडल्या, तिथंच बाकावर बसल्या, आणि मग त्याच ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं: ‘रडू दे.’ १९३५ सालचं पुस्तक, त्यावर आजवर किती लेख लिहिले गेले असतील. मला त्यातला एक आठवत नाही. हे दोन शब्द आठवतात.

‘बनगरवाडी’चं पान घ्या. दीडशे पानांच्या आतबाहेरची कादंबरी, १९५५ सालची, आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला लागून असलेल्या माणदेशातली. एका सभासदानं लिहिलं होतं, ‘मी सांगोल्याकडं वस्तीशाळेवर होतो. पट नऊ. दिवाळीनंतर चार पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली की पाच. माडगूळकरांचा मास्तर कुठंही थाप मारत नाही.’ त्याखाली एका कॉलेजातल्या मुलीनं, ‘गोष्ट पुढं सरकतच नाही. अभ्यासक्रमाला होती म्हणून वाचली.’ आणि त्याखाली हिरव्या शाईत, ‘पुढं सरकायला पाऊस पडावा लागतो.’

या हिरव्या शाईबद्दल पुढं लिहिते.

नेमाड्यांच्या ‘कोसला’वर वहीत भांडणं होतीच, ती कुठं नसतात. १९६३ पासून महाराष्ट्रात चालू आहेत. पण एक नोंद मी दुसरीकडं कुठं वाचलेली नाही. एका आईनं लिहिलेली. ‘माझा मुलगा पुण्याला शिकतो. दर महिन्याच्या पाच तारखेला मेसचे पैसे पाठवते. या पांडुरंगाच्या वडिलांची बाजू कुणी लिहिली आहे का? असल्यास कळवावे.’ पुढं ओळ सोडून, ‘धाकटी बहीण जाते ती पानं वाचून पुस्तक दोन दिवस पालथं ठेवलं. मग मुलाला फोन केला. तो म्हणाला, कशाला फोन केलास.’ नेमाड्यांवरच्या चर्चासत्रात या बाईंना कुणी बोलावणार नाही. मी मात्र त्या दिवसापासून पांडुरंग सांगवीकराच्या वडिलांकडं नीट बघायला लागले.

‘अक्करमाशी’बद्दल सांगायलाच हवं, कारण ते पुस्तक आपल्या जिल्ह्याचं आहे. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. १९८४ साली ते आत्मकथन आलं. आपल्या बापाचं नाव कुठलं लावायचं, आपण मोजले तरी जातो का, असा प्रश्न घेऊन वाढलेल्या पोराची ती हकिगत. वहीत एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं, ‘भाषा शिवराळ. मुलींच्या हाती देऊ नये.’ त्याखाली एका मुलीच्या गोल अक्षरात, ‘दिलं. वाचलं. काही झालं नाही.’ आणि काही महिन्यांनी एका वयस्कर सभासदाची थरथरत्या हाताची नोंद आली, ‘मी त्याच तालुक्यातला. गावात वीस वर्षं काढली. महारवाड्यातली माणसं पाणी कुठून आणत होती हे मला आजवर ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नाही असं म्हणता येणार नाही, मी विचारलं नाही.’

आता सांगा, याला किती तारे द्यायचे? तीन की साडेतीन?

माझी सगळ्यात आवडती नोंद ‘स्मृतिचित्रे’वरची. ती लिहिणाऱ्या मुलीनं ते पुस्तक स्वतःसाठी नेलंच नव्हतं. कुंभारीच्या विडी घरकुलाकडून येते ती. घरात तेलुगू. आजी विड्या वळते, डोळे अधू झाले तरी हात चालतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा. समोर ही नात बसून लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र वाचणार. मराठीतून वाचायचं, आजी अडली की तेलुगूतून सांगायचं, पुन्हा मराठी. अशी अख्खी ‘स्मृतिचित्रे’ झाली. मग नातीनं वहीत लिहिलं, ‘आजीचं मत खालीलप्रमाणे. १. सोवळ्यापायी घरादाराचा जीव खाणारा हिचा बाप आमच्या गल्लीत असता तर बायांनी सरळ केला असता. २. नवरा चांगला, पण संसाराचा हिशेब कळत नव्हता. पासबुक बायकोच्या नावावर पाहिजे होतं. ३. बाई हसून सांगते म्हणून सोपं वाटतं. परत पहिल्यापासून वाच.’ आणि कंसात नातीचं, ‘परत पहिल्यापासून चालू आहे, म्हणून पुस्तकाला मुदत वाढवून मिळावी.’

रेव्हरंड टिळकांच्या हिशेबाबद्दल असा अचूक शेरा मी कुठल्या प्रस्तावनेत वाचलेला नाही. ही आजी तुमचा कोड कशानं स्कॅन करणार?

बाकी वहीत सगळंच असं नव्हतं, हेही सांगून टाकते. ‘एक होता कार्व्हर’वर पानंच्या पानं नोंदी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीत ‘प्रेरणादायी’ हा एकच शब्द. त्या शब्दावर वर्षभर बंदी घालायचा ठराव मंडळानं केला तर मी सूचक म्हणून सही करीन. त्या ढिगात एकच माणूस जागा होता: ‘भुईमुगापासून एवढ्या वस्तू केल्या, पण शेंगाचटणी राहिली. कार्व्हरसाहेब सोलापूरला यायला हवे होते.’ एका महाभागानं रहस्यकथेवर अभिप्राय म्हणून खुन्याचं नावच लिहून ठेवलं. त्याला शिक्षा करायला माझी हरकत नाही. धारपांच्या भयकथांवर पोरांचं आपसात ‘रात्री वाचू नको बे’, ‘वाचली, झोप आली’ असं चालायचं. ‘रुचिरा’च्या बाबतीत बायकांनी वही न वापरता पुस्तकातच पेन्सिल चालवली आहे. ‘गूळ नको’, ‘तिखट दुप्पट’, ‘हे होत नाही’. ते पुस्तक आपण निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या, यादीत टाकल्याचं ऐकलं. पानं खराब झाली म्हणून. कमलाबाई ओगल्यांच्या पुस्तकाची नवी प्रत हजार वेळा मिळेल, सोलापूरच्या जिभेनं दुरुस्त केलेली ती प्रत मिळणार नाही. निर्लेखन करणारच असाल तर मला किंमत सांगा.

आणि ते कानडी पान. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ या कानडी कादंबरीचा उमा कुलकर्णींनी केलेला मराठी अनुवाद कुणीतरी नेला आणि परत करताना वहीत सात-आठ ओळी कानडीत लिहिल्या. काउंटरवर कुणाला वाचता येईना. महिनाभर तशाच. मग कुणीतरी, बहुधा अक्कलकोटकडचं, खाली मराठी अर्थ लिहून ठेवला: ‘हे म्हणतात, मी मूळ वाचलं आहे, मराठीत वाचताना कुठं अडखळलो नाही, फक्त घरातल्या माणसांना मराठीत बोलताना ऐकून पहिली वीस पानं हसू येत होतं.’ कानडी, तेलुगू, उर्दू, मराठी असं चार भाषांचं गाव म्हणून आपण भाषणात सोलापूरचं कौतुक करतो. ते चार भाषांचं गाव कागदावर उतरलेलं मी त्या एका पानावर पाहिलं.

आपल्या वर्धापनदिनाच्या भाषणात १९४१ चं सोलापूरचं साहित्य संमेलन आणि अध्यक्ष वि. स. खांडेकर हमखास येतात. येऊ द्यावेत. पण त्याच खांडेकरांची ‘ययाति’ वाचून आपल्या एका सभासद बाईंनी देवयानीची बाजू घेत अडीच पानं लिहिली आहेत, ती मंडळातल्या कुणाला ठाऊक नाहीत. तिघं बोलतात त्या कादंबरीत आणि तिघांत सगळ्यात कमी माया तिच्या वाट्याला येते, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला ‘ययाति’ आता जड जाते, वाक्यं फार सजलेली वाटतात. त्या अडीच पानांखाली मी तसं लिहिलंही आहे. बाईंनी उत्तर दिलं, ‘सजणं वाईट नसतं.’ विषय संपला, पुढच्या वेळी भेटल्यावर आम्ही हसलो.

वहीचा आणखी एक उपयोग होता आणि तो तुम्ही कधी करून घेतला नाहीत. खरेदी. शासनमान्य यादी असते, अनुदानाचे नियम असतात, मार्चअखेर असतो, मला सगळं कळतं, मी हिशेबाचीच माणूस आहे. तपासणीला आलेल्या साहेबांना दाखल नोंदवही लागते, देवघेवीची लागते, अभिप्रायांची लागत नाही. ती नसली म्हणून वाचनालयाचा दर्जा ‘अ’चा ‘ब’ होणार नाही. पण गेल्या वर्षी यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं दोन कपाटं भरून आली, एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या तारखेच्या कागदावर अजून एक शिक्का नाही. उलट ‘तुंबाडचे खोत’. दोन खंडांची कादंबरी, आपल्याकडं पहिलाच आहे. वहीत २०१४ सालापासून एक ओळ चालू आहे: ‘खंड दुसरा कुठं आहे?’ खाली ‘मलाही हवा’, ‘मलाही’, ‘पहिला वाचून सहा महिने झाले, माणसं विसरायला लागलो’, ‘दुसऱ्या वाचनालयातून आणला, परत केला, आता सांगू का शेवट?’, ‘नको!’ सात सभासद, एक कादंबरी, अर्धी. त्या वहीत खरेदीची यादी वाचकांनी आयती लिहून ठेवली होती.

दर १२ ऑगस्टला आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. त्यांच्या पाच सूत्रांची पाटी वाचन कक्षात आहे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही गाठ कोण घालून देणार? कपाटं घालत नाहीत. माझी घालून दिली ती हिरव्या शाईनं.

तर हिरवी शाई. कोण आहे, मला माहीत नाही. क्रमांक घालतात, पण तो असा काही गिरमिटून की चार आहे की नऊ ते लागत नाही. निवृत्त प्राध्यापक असतील, वकील असतील. शाईचं पेन स्वतःचं, त्यामुळं दोरीची गरज नाही. एका ओळीच्या वर लिहीत नाहीत आणि आजवर कुणाशी सहमत झालेले नाहीत. जूनमधल्या माझ्या नोंदीखालची शेवटची, अकरावी ओळ त्यांची होती: ‘‘युगान्त’ वाचा. मग बोलू.’

राग आला. आपण ‘मृत्युंजय’बद्दल बोलतोय आणि हा माणूस अभ्यास देतोय. पण ते पुस्तक, इरावती कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांवरचं, शोधलं. वरच्या फळीवर होतं, शिपाईकाकांनी स्टुलावर चढून काढून दिलं. आतल्या तारखेच्या कागदावर शेवटचा शिक्का २०११ चा. गंमत म्हणजे ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’ दोन्ही १९६७ ची. एकाच वर्षी मराठीत कर्णाकडं बघायच्या या दोन तऱ्हा छापून आल्या. आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही त्याच सालचा, ज्याच्या जोरावर आपलं वाचनालय चालतं. दोन्ही पुस्तकं आपल्याकडं वर्षानुवर्षं आहेत. दोघींमधे चार कपाटांचं अंतर. ते चार कपाटांचं अंतर मला ओलांडायला सदतीस वर्षं लागली, आणि तीही कुणीतरी खोचक बोललं म्हणून.

तीन आठवडे लागले वाचायला. दंडही भरला. शनिवारी उत्तर लिहायला आले, तर नुसती दोरी.

म्हणून मंडळाला माझं मागणं एवढंच. वही परत ठेवा, तीच, फाटलेल्या पानासकट. शिवीगाळ असेल तिथं ग्रंथपाल मॅडमनी चिठ्ठी चिकटवावी, त्यांच्या सद्सद्विवेकावर आमचा विश्वास आहे. तारे हवेत त्यांना तारे असू द्या, कोडही भिंतीवर राहू द्या, भिंत मोठी आहे. जुन्या भरलेल्या वह्या माळ्यावर आहेत असं काकांकडून कळलं. उंदीर आणि पावसाळा लागण्याआधी त्या खाली आणा, कपाट मी देते. पेनाचा खर्च माझा. दोरी आहेच.

तोवर माझी नोंद इथं लिहिते. ही हिरव्या शाईसाठी आहे, मंडळानं मधे बोलू नये.

‘युगान्त’, इरावती कर्वे. वाचलं. पहिल्याच लेखात बाईंनी भीष्माला हिशेबाला बसवलं, एवढा त्याग केला, शेवटी जमेला काय? मी हिशेबनीस, मला ते तिथंच पटलं. खांडववन जाळल्याचा भाग रात्री वाचला, वाचायला नको होता. कर्णावरच्या लेखाचं नावच ‘मी कोण?’ तिथं तेज नाही, कवचकुंडलांची झळाळी नाही. आपली जागा कुठली हे न कळलेला, म्हणून चुकत गेलेला माणूस आहे. माझ्या जूनच्या नोंदीला आधार मिळाला असं म्हणता आलं असतं. पण एक अडचण आहे. सतराव्या वर्षी कुणी हे पुस्तक माझ्या हातात दिलं असतं तर मी दहा पानांत ठेवून दिलं असतं आणि वाचनालयाची पायरीही चढले नसते. जिन्यात बसून रडले ती त्या फार बोलणाऱ्या कर्णापायीच. आणि ज्याचं आयुष्यभर कुणी ऐकून घेतलं नाही तो बोलायला लागला की थांबत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते ‘युगान्त’ वाचताना, ‘मृत्युंजय’ वाचताना नाही. त्या मावशी म्हणणाऱ्या पोरालाही हे कळवावं. जूनची ओळ खोडत नाही, पान फाटलं असलं तरी. तिच्या खाली हे धरावं.

तुमचं म्हणणं वाचलं. आता बोला.

सभासद क्र. ११८७
सोलापूर